दुसऱ्याच्या बांधावर

तुला सातगाव पठारावरचं गाव मिळालं हे ऐकलं, आणि आपल्या ओतूरच्या शेतात येऊन गेलेल्या कृषी कॉलेजच्या मुली मला आठवल्या. ग्रामीण कृषी कार्यानुभव एवढं लांबलचक नाव कागदावर. गावात मात्र सगळे त्यांना कृषिकन्या म्हणायचे. मी त्यांची यजमान शेतकरी होते. आता तूच कृषिकन्या होऊन परक्या गावात निघालीस. तुझे सर त्यांच्या परीनं सांगतीलच, पण ज्याच्या शेतात तू जाणार त्याच्या नजरेनं दोन गोष्टी मी सांगते.

पहिले काही दिवस कुणाला शिकवायला जाऊ नको, हाताला काम लागू दे. आपल्याकडं कांद्याची लागण चालू होती. एक मुलगी बांधावर उभी राहून बायांना म्हणाली, रोपं दाट पडतायत, पंधरा बाय दहा सेंटीमीटर पाहिजेत. बोलली ते खरंच होतं. पण एकीनंही मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती चपला काढून वाफ्यात उतरली, रोपांची जुडी घेतली आणि दुपारपर्यंत वाकून लावत राहिली. भाकरी सोडताना एका बाईनंच विचारलं, "तुमचं ते दहा म्हंजी किती गं?" तिनं अंगठ्यासकट पंजा आडवा मातीवर ठेवला, "एवढं." त्या दुपारची लागण मापात झाली.

म्हणून निघण्याआधी पट्टी घेऊन स्वतःचा हात मोज. तुझी वीत किती भरते, पंजा किती भरतो, पाऊल किती पडतं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. शेतात कुणी टेप घेऊन फिरत नाही.

मातीचा नमुना घेताना ही वीतच कामाला येते. खड्डा साधारण वीतभर, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. तळात हात घालून माती उचलायची नाही, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरडा जिथं होता तिथली नको. त्या मुलींनी पहिला खड्डा आंब्याखाली खणला होता, सावली होती म्हणून. मी उठवलं त्यांना. सगळी माती एकत्र करून चार वाटे कर, समोरासमोरचे दोन टाक, असं करत अर्धा किलो उरव. सावलीत वाळव. खताच्या रिकाम्या गोणीला हातही लावू नको, सगळा नमुना वाया जातो. आणि नुकतंच खत पडलंय का, हे खणण्याआधी विचार.

पठारावर पावसाळी बटाटा. तिथं करप्यासाठी बोर्डो मिश्रण करून दाखवायला सांगतील, त्याचं नीट ऐक. एक टक्क्याचं म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही निम्म्यानिम्म्या पाण्यात वेगवेगळे विरघळव आणि तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओत. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. लोखंडाची, जस्ताची अजिबात नको. मग घासून लखलखीत केलेला विळा त्यात बुडवून धर. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला, आणखी निवळी घाल. थर येईनासा झाला की मगच पंपात भर, आणि त्याच दिवशी संपव. मी एका साली घाई केली. चुना जुना, हवा लागलेला होता, वजनाला बरोबर पण अंगात जोर नसलेला. विळा न बुडवताच टोमॅटोवर फवारलं. दोन दिवसांत पानं भाजल्यासारखी झाली. शेजारणीनंही माझं बघून तेच केलं होतं, तिच्याकडं जायला मला तोंड नव्हतं. तू दाखवशील ते दहा घरं करतील, एवढं ध्यानात असू दे.

प्रात्यक्षिकाचा दिवस गावाला विचारून ठरव. आपल्याकडं श्रावणी सोमवारी कुणी ठेवलं तर कोण येणार? सगळं ओतूर कपर्दिकेश्वराला, तांदळाच्या पिंडी बघायला. तिकडचा बाजार, तिकडची जत्रा आधी माहीत करून घे. आणि वेळ अशी ठेव की बाया येतील. सातबाऱ्यावर नाव बाप्याचं असतं, पण बियाणं कुठल्या डब्यात ठेवलंय आणि त्याला काय चोळलंय ते घरातली बाई सांगते. त्या मुली माझ्याशी बोलल्या म्हणून त्यांच्या वहीत खरे आकडे उतरले.

एकदा तरी मालकाबरोबर मार्केटला जा. आपल्या ओतूरच्या उपबाजारात गोळा, गोल्टी, बदला अशी कांद्याची निवड होते, भाव दहा किलोवर निघतो. भाव ऐकून परत फिरू नको, विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन वाच. हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन घरी काय आलं ते बघ. उत्पादन खर्चाचा तक्ता तुला लिहायचाच आहे, त्याचा शेवटचा आकडा त्या पट्टीवर असतो.

अंधार पडायच्या आत खोलीवर ये. बिबट्या जुन्नर-आंबेगावात कुठंही दिसतो. उसाच्या कडेनं एकटी जाऊ नको, जावंच लागलं तर मोठ्यानं बोलत जा, आणि उघड्यावर खाली वाकून बसू नको.

आता एक गोष्ट माझ्या मनात राहिलेली. आपल्या मातीचे नमुने दोनदा गेले. पहिल्या वेळचा अहवाल मला कधी मिळालाच नाही. त्या मुलांना मार्क पडले असतील, मला माझी माती कळली नाही. दुसऱ्या वेळची मुलगी मात्र दिवाळीनंतर एस.टी.नं आली, कागद घेऊन ओट्यावर बसली आणि सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश एकेक वाचून समजावलं. पालाश भरपूर आहे, त्याचे पैसे वाचवा म्हणाली. मी वाचवले.

तुझा अहवाल आला की पोस्टानं पाठवू नको, स्वतः जा. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव, गट नंबर पेन्सिलीनं लिही. ओल लागली की शाई पसरते. दोन पेन्सिली पिशवीत ठेवल्यात मी.