चार महिन्यांची रात्र

नवी वहाण पहिल्याच दिवशी घालून गड चढावयास निघालेल्या मुलाचे काय होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. निम्म्या वाटेवर टाच सोलते आणि पुढचा गड अनवाणी चढावा लागतो. शाळेच्या सहलींत मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो. तेथे फार तर फजिती होते. गाव पायथ्याशीच असते. परंतु जेथे शेकडो कोस मनुष्यवस्ती नाही आणि थंडी अशी की उघडे बोट थोड्याच वेळात निर्जीव व्हावे, तेथे चावणारा बूट प्राणावर बेततो. दक्षिण ध्रुवावर सर्वांच्या आधी पोहोचलेला नॉर्वेचा प्रवासी रोआल्ड अमुंडसेन हे पुरते ओळखून होता.

1911 च्या जानेवारीत त्याचे ‘फ्राम’ जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागले. तेथील बर्फावर त्याने लाकडी घर उभारले. ध्रुवाकडे लगेच धाव न घेता, त्याने प्रथम 80, 81 आणि 82 अक्षांशांवर अन्नाचे साठे नेऊन ठेवले. एका फेरीत वाट दाखविणाऱ्या खुणांच्या काठ्या संपल्या, तेव्हा या मंडळींनी सुके मासेच बर्फात उभे रोवले! परतताना त्या खुणा उपयोगी पडल्या आणि शेवटी कुत्र्यांच्या पोटात गेल्या.

या फेऱ्या म्हणजे सामानाची परीक्षाच होती, आणि तीत बरेचसे सामान नापास झाले. बूट लाकडासारखे ताठ निघाले. कुत्र्यांनी ओढावयाच्या घसरगाड्या विनाकारण जड होत्या. 21 एप्रिलला सूर्य मावळला, तो चार महिने उगवणार नव्हता. नऊ माणसांनी या दीर्घ रात्रीचा कारखाना केला. घराभोवतीच्या बर्फात त्यांनी खोल्या कोरल्या. एकीत सुतारकाम चाले, तर दुसरीत शिवणयंत्राची खडखड ऐकू येई.

बुटांचे कोडे मोठे अवघड होते. बर्फावरून स्कीच्या लांब पट्ट्यांवर घसरत जावयाचे, तर त्या पट्ट्या घट्ट बसण्यासाठी बुटाचा तळ ताठ हवा. उलट पाऊल उबदार राहावयाचे तर बूट मऊ आणि ऐसपैस हवा. कारण दाबलेल्या पायात रक्त नीट खेळत नाही आणि तो आधी गोठतो. ताठ आणि मऊ हे दोन्ही गुण एकाच बुटात कसे आणावयाचे? बूट उसवले, कापले, आत अधिक मोजे मावतील इतकी जागा केली आणि पुन्हा शिवले. एवढ्यानेही काम भागले नाही, हे पुढे येईलच.

ओलाव ब्यालांड हा कसबी सुतार आणि नामांकित स्कीपटू होता. त्याने घसरगाड्यांवर रंधा चालवून त्यांचे वजन निम्म्याहून पुष्कळ कमी केले, आणि तरीही त्या मोडल्या नाहीत. गाडीवरील खोक्यांना वरून लहान गोल झाकणे बसविली, म्हणजे दररोज दोर सोडून सारे सामान उतरवावयास नको. दोर सोडणे ही आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते. गोठलेल्या बोटांना विचारावे! तंबू गडद रंगाचे केले. ते दुरून दिसत, उन्हाची ऊब धरीत आणि बर्फाच्या चकाकीने शिणलेल्या डोळ्यांना आत विसावा देत. चष्म्यांविषयी तर प्रत्येकाचे मत निराळे होते आणि जो तो आपलाच नमुना उत्तम म्हणे.

केसाळ कातड्याच्या सैल पोशाखाची विद्या मात्र त्यांनी शोधलेली नव्हती. ती अमुंडसेन पूर्वी उत्तर कॅनडात, नेट्सिलिक इनुइट लोकांजवळ शिकला होता.

इतकी तयारी होऊनही अमुंडसेन चुकला. सूर्य दिसू लागताच त्याला धीर धरवेना. 8 सप्टेंबरला आठ जण निघाले. पारा शून्याखाली 50 अंशांच्याही खाली उतरला. होकायंत्रातील द्रव गोठला. काहींच्या टाचा हिमाने दुखावल्या. अखेर सर्वांना मागे फिरावे लागले. परत आल्यावर काय केले असेल? पुन्हा बूट उसवले आणि अधिक मोठे केले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जण चार गाड्या आणि 52 कुत्रे घेऊन निघाले. 14 डिसेंबर 1911 रोजी ते ध्रुवावर पोहोचले आणि 25 जानेवारी 1912 रोजी पाचही जण सुखरूप तळावर परतले. कुत्रे मात्र अकराच उरले होते. बाकीचे बहुतेक वाटेत मारून खाण्याचे आधीच ठरलेले होते, आणि या यशाची ती बाजू वाचताना मन खिन्न होते.

एक गोष्ट राहिली. ती रॉकेलच्या डब्यांची. ध्रुवप्रदेशात चुलीवर बर्फ वितळविल्याखेरीज प्यावयास पाणी मिळत नाही. अमुंडसेनने आपले डबे डाख लावून पक्के बंद केले होते. त्याच वेळी इंग्रज कप्तान स्कॉटही निराळ्या वाटेने ध्रुवाकडे गेला होता. त्याच्या डब्यांच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. त्यांतून तेल निसटले. परतीच्या वाटेवर एका साठ्यापाशी तेल फारच थोडे मिळाल्याची नोंद स्कॉटने 2 मार्च 1912 रोजी स्वतःच्या हाताने केली आहे. त्या तुकडीच्या नाशाची कारणे अनेक होती: भूक, आजार, कडाक्याची थंडी, वादळ. शेवटचे तिघे ज्या तंबूत मरण पावले, तेथून पुढचा साठा अवघ्या 20 किलोमीटरांवर होता.