मनाचा ताण कोणाला सांगावा?

कर्ज थकले, पाऊस गेला, घरात कुरबुर वाढली, की मनावर ताण येतो. चार दिवसांत उतरला तर ठीक. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, छातीत धडधड होते, पोराबाळांवर उगाच राग निघतो; असे झाले म्हणजे ते दुखणे समजावे. लोक म्हणतील, वेड लागले. म्हणेनात का! मांत्रिकाकडे मात्र जाऊ नका. कोंबडेही जाते आणि पैसेही.

आधी गावच्या आशाताईंना विचारा, नाहीतर आरोग्य केंद्रात. तेथून जिल्ह्याच्या सिव्हिल इस्पितळात पाठवतात. तेथे मनाचे डॉक्टर औषध देतात. समुपदेशक गोळी देत नाहीत. ते ऐकून घेतात, बोलते करतात, वाट शोधायला मदत करतात. एका खेपेत गुण येत नाही. तुमचे बोलणे गुप्त ठेवावे, असा २०१७ चा कायदाच आहे.

एस.टी.चे भाडे नसेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ साली सुरू झाली. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते, रात्री-बेरात्रीही. जीव नकोसा वाटला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घडीला फोन लावा आणि घरच्या कोणाला तरी जवळ बसवून घ्या.