बायपास शस्त्रक्रिया : निर्णय, खर्च आणि रुग्णाचे हक्क

हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार आहे, हा समज आता टिकणारा नाही. पौड, पिरंगुट, कोळवण, माले या परिसरातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांमध्येही छातीत दुखण्याची तक्रार नित्याची झाली आहे. आपल्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेची सोय नसल्याने अशा रुग्णांना तपासणीअंती पुण्यास पाठवावे लागते. अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन नातेवाईक परत येतात, तेव्हा प्रशासकीय कार्यालयात त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरे बोलणे बहुधा जमीन विकण्याचे असते. पुणे शहर वाढत गेल्यामुळे मुळशीत जमिनीला गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागत नाही. घाईत केलेले साठेखत मात्र परत फिरवता येत नाही.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरवणे तज्ज्ञ डॉक्टरांचेच काम आहे. परंतु हा निर्णय समजून घेणे आणि त्यासाठीची तजवीज वेळेवर करणे कुटुंबाच्या हाती असते. त्या दृष्टीने ही माहिती येथे देत आहोत.

१. आजाराचे स्वरूप

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. त्यांच्या आतील भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचतो आणि मार्ग अरुंद होत जातो. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे ही क्रिया वेगाने होते. चढ चढताना, डोक्यावर ओझे असताना किंवा भातलावणीच्या वेळी छाती भरून येते आणि थोडे थांबले की बरे वाटते, हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. पुष्कळ रुग्ण ते पित्त किंवा वात समजून अंगावर काढतात. मधुमेही रुग्णास वेदना न होता केवळ धाप लागण्याचीही शक्यता असते.

एखादी धमनी पूर्णपणे बंद होऊन तीन महिने वा अधिक काळ लोटला असेल, तर तिला जुना संपूर्ण अवरोध म्हणतात. ‘शंभर टक्के ब्लॉक’ हे शब्द ऐकताच घरात रडारड सुरू होते. वास्तविक, धमनी हळूहळू बंद होत असताना शरीर स्वतःच आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून पर्यायी रक्तपुरवठा उभा करते. त्यामुळे स्नायू जिवंत राहू शकतो. हा पुरवठा विश्रांतीत पुरतो, पण श्रमात अपुरा पडतो. म्हणूनच केवळ टक्केवारी पाहून निर्णय होत नाही. कोणती धमनी बंद आहे, किती धमन्या बाधित आहेत आणि हृदयाची ताकद किती शिल्लक आहे, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

२. बायपास म्हणजे काय

बंद झालेला भाग तसाच ठेवून त्याच्या पुढे रक्त पोहोचवणारी नवी वाट तयार करणे, म्हणजे बायपास. यासाठी छातीच्या आतील बाजूची धमनी किंवा पायातील शीर वापरतात. पायातील शीर वापरून ही पद्धत रूढ करणारे डॉ. रेने फावालोरो हे मूळचे अर्जेंटिनाचे. अमेरिकेत जाण्यापूर्वी सुमारे बारा वर्षे त्यांनी आपल्या देशातील एका खेडेगावात वैद्यकीय सेवा केली होती. १९६७ साली क्लीव्हलँड येथे त्यांनी ही शस्त्रक्रिया केली. भारतात १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली. १९९६ साली डॉ. नीतू मांडके यांनी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला.

छातीतील धमनीचा जोड बहुतांश रुग्णांत दहा वर्षांनंतरही चालू राहतो. पायातील शिरेच्या जोडांपैकी मात्र साधारण निम्मे तोवर बंद पडलेले असतात. आपल्याला कोणते जोड लावले, हे रुग्णाने डिस्चार्ज कार्डावर पाहून ठेवावे.

३. कोणाला लाभ होतो

या विषयावर मोठे अभ्यास झाले असून त्यांचे निष्कर्ष सामान्य वाचकासही उपयोगी आहेत.

(अ) मधुमेह आणि एकाहून अधिक बाधित धमन्या : २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या अभ्यासात १,९०० रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंट बसवलेल्यांपैकी १६.३ टक्के, तर बायपास झालेल्यांपैकी १०.९ टक्के रुग्ण दगावले. अर्धांगवायूचे प्रमाण मात्र बायपासनंतर अधिक होते, ५.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के.

(आ) हृदय अशक्त झालेले रुग्ण : ‘स्टिच’ अभ्यासात १,२१२ रुग्णांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. केवळ औषधांवर असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ६६.१ टक्के, तर औषधांसह बायपास झालेल्यांत ५८.९ टक्के आढळले.

(इ) स्थिर लक्षणांचे रुग्ण : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. उत्तम औषधोपचार चालू असताना लगेच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले, असे त्यात दिसले नाही. छातीतील वेदना मात्र कमी झाली. डाव्या मुख्य धमनीत गंभीर अडथळा असलेले व हृदय फारच अशक्त असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हे लक्षात घ्यावे.

यावरून बायपास सर्वांनाच अनिवार्य नाही, आणि ज्यांना आवश्यक आहे त्यांनी भीतीपोटी ती टाळणेही हिताचे नाही, हे स्पष्ट होते. म्हणून डॉक्टरांना विचारावे : शस्त्रक्रियेने माझे आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? औषधांवर राहिल्यास काय होईल? माझ्या बाबतीत धोका किती?

४. निर्णयासाठी मिळणारा वेळ

विश्रांतीत असताना छातीत दुखू लागले, घाम सुटला आणि वीस मिनिटांत थांबले नाही, तर ती तातडीची अवस्था होय. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ताम्हिणीकडील गावांनी तर क्षणभरही दवडू नये. जुन्या अवरोधाच्या, लक्षणे स्थिर असलेल्या रुग्णांना मात्र बहुधा काही दिवसांची, कधी काही आठवड्यांची सवड असते. आपल्याला किती सवड आहे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे. त्या अवधीत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते व कागदपत्रेही पूर्ण करता येतात.

५. खर्च आणि हक्क

महाराष्ट्रात १९९७ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदयशस्त्रक्रियेस मदत मिळत असे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२४ पासून या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले व ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. बायपास तीत समाविष्ट आहे. मात्र रुग्णालय योजनेत नोंदलेले असावे लागते आणि नियोजित शस्त्रक्रियेस पूर्वमंजुरी लागते. तेथील आरोग्यमित्रास दाखल होण्यापूर्वीच भेटावे. आधी रोख भरून नंतर परत मिळवू, असा हिशेब धरू नये.

दुसरा हक्क धर्मादाय रुग्णालयांचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. यासाठी रुग्णालयाने आपल्या देयकांच्या दोन टक्के रक्कम स्वतंत्र निधीत ठेवायची असते. ही कोणाची कृपा नव्हे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांच्या प्रती तयार ठेवाव्यात व समाजसेवा अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. तेही आधीच मागून घ्यावे.

हे तिन्ही मार्ग तपासून पाहिल्याशिवाय सात-बारा कोणाच्या हाती देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

६. शस्त्रक्रियेनंतर

छातीचे हाड जुळून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. सुमारे तीन महिने जड ओझे उचलणे, नांगर धरणे वर्ज्य होय. बायपासने नवी वाट मिळते, मूळ आजार जात नाही. रक्त पातळ ठेवणारी व कोलेस्टेरॉलची औषधे डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या बंद करणे आणि तंबाखू पुन्हा सुरू करणे म्हणजे नवे जोडही धोक्यात घालणे होय. म्हणून पहिल्याच महिन्यात घरखर्चात औषधांची रक्कम स्वतंत्र धरावी.

हृदयविकाराचा अहवाल हाती आलेल्या कोणत्याही कुटुंबाने, रुग्ण कोठेही उपचार घेत असला तरी, आमच्या कार्यालयात येऊन कागदपत्रांविषयी विचारणा करावी. त्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही. योग्य वेळी घेतलेल्या योग्य निर्णयाने रुग्ण घरी परतावा आणि त्याची शेतीही त्याच्या नावावर राहावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.