उचल घेतलेल्या मजुरास कायद्याचे साह्य

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर ह्या बाजूची कित्येक गावे निम्मी ओस पडतात. नवराबायकोचा एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी व टोळीवर मुकादम, ह्या रीतीने माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. निघण्यापूर्वी घेतलेली उचल पुष्कळदा हंगाम संपूनही फिटत नाही. मग घरी परतू पाहणाऱ्यास अडवून ठेवल्याचे, अथवा निघून आलेल्यावर फसवणुकीची फिर्याद झाल्याचे कानी येते. परमुलखात वकील कोठून आणावा व त्यास काय द्यावे, ह्या चिंतेने माणूस गप्प बसतो. आजच्या पाठात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. खुशीने घेतलेले व खुशीने फेडता येण्याजोगे पैसे हे साधे देणे होय; ते बुडविण्यास कायद्याची सबब सांगणे योग्य नाही. परंतु कर्जापायी दुसरे काम धरण्याची किंवा मोकळेपणी जाण्यायेण्याची मुभाच ज्याला राहत नाही, तो वेठबिगार ठरतो. वेठबिगारी बंद करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने असले कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. आणि हे कर्ज वेठीचे नाही, असे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो, मजुरावर नाही. तक्रार जेथे माणसे अडकली असतील तेथील जिल्हाधिकाऱ्याकडे करावी. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने फरीदाबादजवळच्या दगडखाणींतील मजुरांविषयी एका संस्थेने पाठविलेले साधे पत्र हाच अर्ज मानून निर्णय दिला, हे येथे आठवावे.

आता वकिलाविषयी. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, अटकेत असलेले आणि वेठीस धरलेले, ह्यांस उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतर बहुतेकांस उत्पन्नाची मर्यादा आहे. तरी उत्पन्नाबद्दल अर्जदाराचे शपथपत्र सामान्यतः पुरे होते.

ख्रिस्ती कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश व त्यातील पुढील दुरुस्त्या ह्यांप्रमाणे अनुसूचित जातींत हिंदू, शीख व बौद्ध ह्यांचीच गणना होते. तेव्हा ख्रिस्ती पुरुषाने जातीच्या सदराखाली अर्ज करून नकार घेण्यापेक्षा वेठीच्या किंवा उत्पन्नाच्या सदराखाली करावा. स्त्रीला ही अडचणच नाही. कोयता दोघांचा असून मुकादमाच्या वहीत नाव बहुधा एकट्या नवऱ्याचे असते. पण साह्य मागण्याच्या कामी बायकोचा हक्क अधिक सरळ आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

बीड येथे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कामासाठी तालुका विधी सेवा समिती असते. लिहिता येत नसेल त्याचे तोंडी म्हणणे तेथे लिहून घेतात, आणि अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी मागू नये व घेऊ नये. कोणी मागितल्यास प्राधिकरणास कळवावे. हा कायदा कर्नाटकातही लागू आहे, म्हणून बेळगावच्या फडात अडकलेल्याने बीडला पोहोचण्याची वाट पाहू नये. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

अर्जाबरोबर काय द्यावे? उचल किती, कोणत्या तारखेस व कोणासमक्ष घेतली, मुकादमाचे पूर्ण नाव, कारखान्याचे नाव, किती टन ऊस तोडला, किती दिवसांचे खाडे कापले, एवढे एका वहीत लिहिलेले असले तर वकिलाचे अर्धे काम होते. वजनाच्या पावत्या मिळत असतील तर जपाव्या. ही वही गाव सोडण्याच्या दिवशीच घालावी, आणि तिची एक नक्कल घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवावी.