पाणी तोडू नकोस

माहीम, ता. पालघर

चि. बाय हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुला पुन्हा उन्हाळी लागल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. चार महिन्यांत दुसऱ्यांदा. सासरी कोणाला बोलली नाहीस, बोईसरला मेडिकलमधून गोळ्या घेतल्यास, दोन दिवसांत जळजळ थांबली तशी उरलेली पट्टी पर्समध्येच राहिली आणि आता पुन्हा तेच. माझी सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. ही हकिगत मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे की पुढचा प्रश्न आपोआप ओठांवर येतो: दिवसभरात पाणी किती पितेस?

उत्तर मला ठाऊक आहे. सकाळी पालघरहून गाडी, बोईसरहून कंपनीची बस, आणि पुढे तुमचा तो औषधांचा कारखाना. आत जायचं तर बाहेरचे कपडे बदला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगभर झबला, पायांत वेगळे बूट, कोपरापर्यंत हात धुवा. लघवीला जायचं म्हणजे हे सगळं उतरवायचं आणि परतताना पहिल्यापासून पुन्हा चढवायचं. तोवर हातातलं काम खोळंबतं, वरचा माणूस घड्याळाकडे बघतो. मग तुम्ही मुली सोपा मार्ग काढता. सकाळी अर्धा कप चहा, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

तू एकटीच असं करतेस असं समजू नकोस. सातपाटी-वडराईच्या कोळणी पहाटे टोपल्या घेऊन निघतात, त्यांनाही दुपारपर्यंत आडोसा मिळत नाही. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांना मुंबईची नोकरी आवाक्यात आली. पण लोकलच्या डब्यात संडास नसतो आणि पालघर ते चर्चगेट दोन तासांचा प्रवास. शाळेतल्या बाई, बँकेतली मुलगी, सगळ्याच घरून निघताना पाणी तोडतात. लहानपणापासून आपल्याला हे वळण म्हणून शिकवलेलं असतं. मला मात्र ते कधीच वळण वाटलं नाही. त्यात शरीराचं नुकसान आहे आणि ते बायकांच्याच वाट्याला येतं.

असं का होतं ते नीट समजून घे. बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. दहांतल्या सात-आठ वेळा तोच. तो बाहेरून कुठून येत नाही, आपल्याच आतड्यात राहतो. तिथे तो निरुपद्रवी असतो, मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाचा वीसच्या आसपास. गुदद्वारही जवळ. त्यामुळे जंतूला मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. शरीराचा साधा बचाव म्हणजे लघवीची धार. ती जंतूंना धुऊन काढते. आपल्या पानवाडीतला पाट वाहता असला की शेवाळ धरत नाही, तुंबला की धरतं; तसंच हे. पाणी कमी प्यायलं की लघवी थोडी होते, ती तासन् तास अडवली की जंतूंना वाढायला सवड मिळते.

आपल्याकडे याला उष्णता म्हणून सोडून देतात. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाडीतलं शहाळं, सगळं पी. तेवढंच पाणी पोटात जाईल. पण जंतू त्याने मरत नाहीत. नुसतं पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली असेल तर भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात जळजळ शमते. संसर्ग असला तर असं होत नाही: सारखी लघवीची भावना होते, गेलं की चार थेंब, शेवटी कळ, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ, कधी त्यात रक्त. इथपर्यंत दुखणं मूत्राशयात असतं. ज्या दिवशी थंडी वाजून ताप येईल, बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला दुखेल, उलटी होईल, त्या दिवशी ते किडनीत चढलं असं समज आणि तडक दवाखाना गाठ. त्या दिवशी कामावर जायचं नाही, रात्र काढायची नाही.

आता गोळ्यांविषयी. मेडिकलवाल्याने काय दिलं हे तू विचारलंसुद्धा नाहीस. १ मार्च २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिक औषधं ‘एच-१’ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला पेशंटचं व डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवून ठेवावं लागतं. नियम उगाच झालेला नाही. अर्धवट आणि चुकीची औषधं खाऊन खाऊन आपल्याकडचे ई. कोलाय निर्ढावले आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी, एके काळी हमखास चालणारी गोळी आता अनेकदा लागू पडत नाही, हे आयसीएमआरच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं आहे. उलट नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातलं जुनं औषध मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला अजून चांगलं लागू पडतं. डॉक्टर सहसा ते पाच दिवस देतात, नाहीतर फॉस्फोमायसिनची एकच पुडी. कोणतं द्यायचं ते त्यांनाच ठरवू दे. किडनी, गरोदरपण, ॲलर्जी असं बरंच काही बघावं लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन दिलं तर जेवणाबरोबर घे. लघवी गर्द पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नकोस. आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नकोस. लघवीची आग कमी करणारं ते गोड सायट्रेटचं सिरप जंतू मारत नाही, शिवाय नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवी मानवते आणि सिरप नेमकं उलट करतं. ते घेत असशील तर डॉक्टरांना सांग.

औषधाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचं कल्चर दे. दुसऱ्यांदा झालं आहे, आता अंदाजाने चालणार नाही. नमुना कसा द्यायचा हे लॅबवाले घाईत सांगत नाहीत, म्हणून लिहिते. त्यांच्याकडून निर्जंतुक डबी आण. घरातली औषधाची बाटली धुऊन नेऊ नकोस. आधी हात धू, मग ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी कर. डबीचं झाकण ऐन वेळी उघड, त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नकोस. एका हाताने कातडी बाजूला धर, पहिली धार सोडून दे, मधली डबीत घे, शेवटची पुन्हा सोड. डबी अंगाला टेकवू नकोस. तासाभरात लॅबमध्ये पोचव. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेव. उन्हात पर्समध्ये दोन तास राहिलेल्या नमुन्यात जंतू आपोआप वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टर तोवर औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलतील. त्यात औषधांपुढे ‘एस’, ‘आर’ अशी अक्षरं असतील. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे तुझ्यातला जंतू त्या औषधाला दाद देत नाही.

लघवीत पू दिसतो आहे आणि कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं झालं तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद गुंडाळू नकोस. आपल्या देशात मूत्रमार्गाचा टीबी अजून सापडतो, त्याचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. सहा महिन्यांत दोनदा झालं म्हणजे वारंवार होणाऱ्यांत तू मोडतेस, तेव्हा साखर तपासून घे आणि खडा नाही ना हे बघायला सोनोग्राफी करावी का, ते विचार.

तुझ्या लग्नाला वर्षही झालेलं नाही, म्हणून हेही सांगायला हवं. वहिनी सांगायची नाही. संबंधाच्या वेळी हे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, म्हणून नवीन लग्न झालेल्या मुलींना हा त्रास पुष्कळदा होतो. संबंधानंतर उठून लघवीला जायचं. याचा शास्त्रीय पुरावा फार भक्कम नाही, पण त्यात तोटा काहीच नाही. हा नवऱ्याकडून लागणारा गुप्तरोग नव्हे आणि तुझ्याकडून त्याला लागतही नाही. तेव्हा कोणी कोणावर संशय घ्यायचं कारण नाही. हे जावईबापूंनाही वाचून दाखव. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी ते सांग. गरोदरपणात त्रास नसताना जंतू सापडले तरी औषध द्यावं लागतं. एरवी मात्र काही होत नसताना केवळ रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक खायचं नसतं. तुझ्या सासूबाईंच्या वयात असे रिपोर्ट पुष्कळ येतात, म्हणून लिहून ठेवते. धुताना पुढून मागे धुवायचं, जेट असला तरी तसंच. ते सुगंधी वॉश विकत घेऊ नकोस. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस.

आणि पाणी. २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. बाकीच्यांना वर्षात सरासरी ३.२ वेळा त्रास झाला, पाणी वाढवलेल्यांना १.७ वेळा. अँटिबायोटिकही त्यांना कमी लागलं. इतक्या स्वस्तात इतका गुण देणारी गोष्ट माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसरी पाहिली नाही. आत जाण्याआधी, भावना असो-नसो, लघवीला जाऊन ये. चहाच्या सुट्टीत झबला उतरतोच, तेव्हा पोटभर पाणी पी आणि पुन्हा आत शिरण्याआधी जाऊन ये. तीन-चार तासांपलीकडे अडवायची नाही.

सुपरवायझरला सांगायला लाज कसली? पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं ही १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच कायद्याने बंधनकारक आहेत. ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी जनहित याचिका केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना ती बांधायला आणि नीट ठेवायला सांगितलं, हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मानलं. तो निकाल महापालिकांसाठी होता. आपल्या पालघरला नगर परिषद आणि माहीमला ग्रामपंचायत, तेव्हा इथे ते आपणच मागायचं आहे. तुमच्या विभागातल्या पाच-सहा जणींनी मिळून एक अर्ज द्या: दर शिफ्टमध्ये बायकांना बाहेर पडायला ठरलेली सुट्टी, आणि कपडे बदलण्याच्या खोलीलगत संडास. एकटीने तोंडी मागितलं तर नखरे ठरतात; सह्यांचा कागद सहज बाजूला सारता येत नाही. मसुदा मी लिहून देते.

रविवारी दोघं जेवायला या. येताना पर्समधली ती अर्धी पट्टी आठवणीने आण. नाव बघून चिठ्ठीवर लिहून देईन, सोमवारी डॉक्टरांना दाखव. आधी काय खाल्लं होतंस हे त्यांना कळायला हवं. लॅबची डबी शनिवारीच आणून ठेव, म्हणजे सोमवारी सकाळी नमुना देऊन मगच गोळी सुरू करता येईल. मात्र त्याआधी ताप आला तर रविवारची वाट बघू नकोस, कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

तुझी,
आत्या