खांद्याची तालीम

मुलांनो, एक छोटी परीक्षा घेऊ या. उजवा हात खांद्यावरून मागे पाठीवर न्या. डावा हात कमरेमागून वर आणा. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना लागतात का? आता हात बदला. बहुतेकांची बोटे एका बाजूला जवळ येतात, दुसऱ्या बाजूला दूर राहतात.

खांदा हा उखळीचा सांधा आहे. खुब्याचा सांधाही उखळीचाच. पण खुब्याची उखळ खोल आणि खांद्याची उथळ. बशीत ठेवलेल्या चेंडूसारखे दंडाचे हाड तिथे बसते. म्हणून हात वर, खाली, पुढे, मागे, गोल असा सगळीकडे फिरतो. पण बशीतला चेंडू घसरूही शकतो! त्याला जागेवर धरून ठेवण्याचे मोठे काम भोवतालचे चार लहान स्नायू करतात.

फार दिवस न हलवलेला खांदा आखडतो. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, हा त्रास जास्त होतो. मग फळीवरचा डबा काढता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. खरवईहून बदलापूर स्टेशन गाठून रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्यांचा विचार करा. एका खांद्याला बॅग, दुसरा हात वर कडीला. तोच हात वर जाईना, तर गर्दीत त्यांनी आधार कशाचा घ्यावा?

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत कुस्ती आणि कसरत शिकण्याच्या जागेलाही तालीम म्हणतात. शब्द एकच, मूळचा अरबी. 'जोर' आणि 'पहिलवान' हे शब्द फारसीतून आले. तालमीत पहिलवान लाकडी मुदगल खांद्यामागून गोल फिरवतात. त्यामुळे खांदा मोकळाही होतो आणि बळकटही. इराणच्या जोरखान्यातही अशीच कसरत चालते. इंग्रजांनी ती हिंदुस्थानात पाहिली आणि आपल्या देशात नेली. पुढे 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये हलके मुदगल फिरवण्याची स्पर्धाही झाली.

तुम्ही मात्र एकदम मुदगल उचलू नका. आधी खांदा मोकळा करा. एका हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाका. दुसरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलवा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर चढवा.

आता ताकदीची कसरत. भिंतीपासून हातभर दूर उभे राहा, तळवे भिंतीवर टेकवा आणि भिंतीवरच जोर काढा. दहा पुरेत. नंतर अर्ध्या लीटरची बाटली पाण्याने भरा. ते झाले साधारण अर्धा किलोचे वजन. कुशीवर झोपा. वरच्या हाताचे कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा. कोपर न हलवता बाटली हळूच वर उचला आणि खाली आणा. ही कसरत दिसायला अगदी किरकोळ आहे, पण त्या चार स्नायूंपैकी मागच्यांना हीच बळ देते. कळ आली तर थांबा. दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

आज घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला भिंतीवर बोटे चढवायला सांगा. ती जिथवर पोहोचतील तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. (नव्या रंगाच्या भिंतीवर नको, आई रागावेल!) महिनाभर रोज सराव झाल्यावर दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजा.

स्वाध्याय
1. खांद्याची उखळ आणि खुब्याची उखळ यांत काय फरक आहे?
2. 'तालीम' शब्दाचे दोन अर्थ वाक्यात वापरून दाखवा.
3. तुम्ही केलेल्या दोन खुणांविषयी पाच वाक्ये लिहा.