उपग्रहाचे इंटरनेट आणि बाजारातून आणलेला राऊटर

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांची गोदामे गावाबाहेर, मुख्य रस्त्यापासून आत आहेत. तेथे फायबरची तार पोचलेली नाही आणि मोबाईलची रेघ एकदा दिसते व एकदा नाहीशी होते. पूर्वी याने फारसे अडत नसे. परंतु १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नामचा आरंभ झाला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालास ई-वे बिल आले, आणि १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या धान्याच्या पिशव्यांवरही जीएसटी लागू झाला. सुट्या धान्याची गोष्ट निराळी. पण पिशवीबंद मालाची गाडी बिलावाचून फाटकाबाहेर काढणे धोक्याचे झाले. म्हणून अशा ठिकाणी छत्री बसवून उपग्रहावरून इंटरनेट घेण्याकडे कल वाढत आहे.

ही विद्या आपल्या व्यवसायास नवी नव्हे. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली देशभरच्या दलालांस उपग्रहाच्या छत्र्यांनीच जोडले. २००० साली माळव्यातील सोयाबीनच्या गावांत ई-चौपाल निघाले, तेव्हा टेलिफोनच्या तारा भरवशाच्या नसल्यामुळे तेथेही छत्र्या बसल्या. इंदूर-उज्जैनकडील बंधूंस ते स्मरत असेल. २०२२ च्या सप्टेंबरात जीसॅट-११ व जीसॅट-२९ या उपग्रहांच्या आधारे अधिक वेगाची सेवा देशात सुरू झाली.

अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. कंपनी छत्री आणि मोडेम देते. गोदामभर इंटरनेट खेळविण्यासाठी आपण बाजारातून पसंतीचा राऊटर आणतो. एके दिवशी सर्व बंद पडते. कंपनीचा माणूस म्हणतो, राऊटर आमचा नव्हे, आम्ही जबाबदार नाही. राऊटरचा दुकानदार म्हणतो, यंत्र उत्तम आहे, छत्रीकडे पाहा. भरलेली गाडी उभी राहते, खोळंब्याचे भाडे चढत जाते, आणि पुष्कळदा व्यापारी चांगला राऊटर टाकून दुसरा विकत घेतो.

शंभर पोती निघाली आणि पंच्याण्णव पोचली तर आपण हमालाशी भांडत बसत नाही; प्रत्येक टप्प्यावरची काटा-पावती पाहतो. येथेही काटा लावण्याची एक जागा आहे. राऊटर बाजूस काढावा आणि मोडेमची तार थेट संगणकास जोडावी. संगणकाने पत्ता आपोआप घ्यावा अशी व्यवस्था त्यात असावी. ती बहुधा असतेच. तार बदलण्यापूर्वी मोडेमची वीज चार-पाच मिनिटे बंद ठेवावी, कारण काही मोडेम प्रथम जोडलेल्या यंत्राची ओळख धरून बसतात आणि नव्या यंत्रास दारात उभे करीत नाहीत. मग मोडेम सुरू करून त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबावे. इंटरनेट चालू झाले तर छत्रीची बाजू चोख आहे, घट राऊटरकडे आहे. न चालले तर राऊटर निर्दोष.

छत्रीच्या बाजूस आपण करण्यासारखे थोडेच असते. जोरदार पावसात या लहरी क्षीण होतात. सर ओसरली की पूर्ववत् होतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो आणि काही मिनिटे जोडणी तुटते. दररोज त्याच सुमारास तुटून आपोआप जुळत असेल तर तक्रार करण्याचे कारण नाही. तारेच्या टोकाशी पाणी शिरले आहे काय, उंदराने तार कुरतडली आहे काय, यूपीएस मान टाकतो काय, एवढे पाहावे. छत्री मात्र हलवू नये. ही छत्री टीव्हीच्या छत्रीसारखी केवळ घेणारी नसून लहरी पाठविणारीही आहे. तिच्या तोंडासमोर उभे राहू नये, आणि अंशाच्या लहानशा भागाने रोख चुकला तरी काम थांबते, म्हणून ते कंपनीच्या कारागिरासच करू द्यावे.

राऊटरची बाजू मात्र सर्वस्वी आपल्या हातची. पहिली गोष्ट छिद्राची. राऊटरच्या पाठीमागे एक छिद्र निराळ्या रंगाचे किंवा वॅन असे लिहिलेले असते. मोडेमची तार त्यातच हवी. झाडलोट करताना निघालेली तार गडी शेजारच्या छिद्रात खोचतो आणि दिवा लागलेला पाहून निश्चिंत होतो. दुसरी गोष्ट जुन्या राऊटरची. टेलिफोनच्या तारेवर चाललेला राऊटर येथे आणला, तर त्यात पीपीपीओई ही पद्धत व जुने नाव-संकेतशब्द तसेच राहिलेले असतात. उपग्रहाच्या मोडेमपुढे बहुधा डायनॅमिक आयपी ही पद्धत लागते. एवढा एक पर्याय बदलल्याने मृत समजलेले राऊटर चालू झालेले आम्ही पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. मोडेम आणि राऊटर या दोघांसही घरगुती पत्ता असतो. पुष्कळ उपग्रह-मोडेमांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो आणि बाजारातील कित्येक राऊटरही कारखान्यातून तोच पत्ता घेऊन येतात. एका पेठेत एकाच नावाच्या दोन पेढ्या असल्या की टपालवाल्याची जी गत होते, तीच राऊटरची होते: कोणते पत्र आत द्यावयाचे व कोणते बाहेर, हे त्यास कळत नाही. काही नवे राऊटर हा तंटा ओळखून आपणच पत्ता बदलतात. सर्वच बदलत नाहीत. राऊटरच्या पानावर जाऊन त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही करावा, म्हणजे भांडण मिटते. यानंतर मोडेम प्रथम, तो स्थिर झाल्यावर राऊटर, या क्रमाने वीज द्यावी. दोन्ही एकदम चालू केल्यास राऊटर पत्ता मागतो तेव्हा मोडेम जागा झालेला नसतो.

काही गोष्टी दोषासारख्या दिसतात, पण दोष नसतात. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहेत. विचारणा वर जाऊन खाली यावयाची आणि उत्तरही तसेच, म्हणजे जवळजवळ १,४४,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्यास अर्धा सेकंद लागतो. यंत्रांचा वेळ धरून सहा-दशांश सेकंद होतो. कोणताही महाग राऊटर हा विलंब कमी करू शकत नाही. शहरातील पेढीशी व्हीपीएनने जोडल्यास काम अधिकच मंदावते, कारण हा विलंब झाकण्यासाठी मोडेममध्ये जी युक्ती असते, ती बंद पाकिटातील मजकुरावर चालत नाही. स्टारलिंकसारखे उपग्रह अवघ्या ५५० किलोमीटरच्या सुमारास फिरतात, म्हणून तेथे हा विलंब फारच थोडा. त्या कंपनीस जून २०२५ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. तिच्या यंत्रणेत आपला राऊटर लावावयाचा तर तिचाच राऊटर बायपास या स्थितीत टाकावा लागतो. नाहीतर एकामागे एक दोन राऊटर काम करीत राहतात. साध्या कामास त्याने बाध येत नाही, परंतु बाहेरून गोदामाचा कॅमेरा पाहू जाता तो दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी राऊटर विकणाऱ्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नाही. साठविलेल्या गव्हातही शंभरात बारा भागांच्या सुमारास ओलावा असतो आणि पाणी राऊटरच्या लहरी शोषून घेते. हंगामापूर्वी रिकाम्या गोदामात टोकापर्यंत पोचणारे वायफाय थप्प्या आढ्याला टेकल्यावर निम्म्यातच विरते. राऊटर बिघडलेला नसतो. त्याच्या वाटेत हजार पोती उभी असतात. अशा वेळी राऊटर थप्प्यांच्या वर, भिंतीवर उंच टांगावा, किंवा काट्याजवळच्या संगणकापर्यंत सरळ तार न्यावी. पत्र्याच्या विभाजक भिंती असतील तर तार हाच उपाय. लांब पल्ल्यास २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक साथ देतो.

कंपनीकडे तक्रार करताना नुसते ‘नेट बंद आहे’ असे सांगू नये. थेट तारेने जोडून पाहिल्याचा निकाल, मोडेमचे कोणते दिवे लागले होते आणि कोणते नव्हते, तारीख, वेळ व त्या वेळचे पाऊसपाणी, एवढे सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. थेट तारेचा निकाल पुढे ठेवल्यावर राऊटर परका असल्याची सबब सहसा पुढे येत नाही.